पेशींचा आकडा आणि माझी लेक

नमस्कार श्रोतेहो. मी अमळनेरची. शाळेत शिकवते. पण आज बोलणार आहे ती आई म्हणून.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात, कापूस वेचणीच्या दिवसांत, माझ्या १४ वर्षांच्या लेकीच्या नडग्यांवर लाल ठिपके उठले. डास चावले असतील, असं मी म्हटलं. बोटानं दाबलं तर ठिपका फिका पडत नव्हता, हे मला दिसलं होतं. कातडीखाली रक्त सांडलंय, हा त्याचा अर्थ मला कळला नाही. त्याच महिन्यात तिची पाळी ११ दिवस थांबली नाही. ती लाजेनं बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. घरात वयात आलेली मुलगी असेल तर हे विचारत जा, बायांनो. पाळी लांबणं, कपडे भिजणं ही आजाराची खूण असू शकते.

रक्त तपासलं. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, ९ हजार. असायला हव्यात दीड ते साडेचार लाख. आपल्याकडे पावसाळ्यानंतर पेशी कमी म्हटलं की डेंग्यूच आठवतो. शेजारणीनं पपईची पानं आणून दिली. पण ताप नव्हता आणि डेंग्यूची तपासणीही कोरी आली. (लोक ज्यांना ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात त्या बहुतेक वेळा प्लेटलेट असतात. पांढऱ्या पेशी वेगळ्या, आणि तिच्या त्या ठीक होत्या.) जळगावच्या बालरोगतज्ज्ञांनी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, रक्ताचा कर्करोग नाही याची खात्री केली आणि मगच नाव सांगितलं: आयटीपी, म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया.

शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच प्लेटलेटना परकं समजते आणि पोटातली पानथरी (प्लीहा) त्यांना मोडून टाकते. एरवी प्लेटलेट ८-१० दिवस जगते. या आजारात फार लवकर संपते. नातेवाईक म्हणत होते, “पेशी चढवा ना!” पण बाहेरून दिलेल्या पेशीही तशाच मोडल्या जातात. म्हणून जिवावर बेतणारा रक्तस्राव असेल तेव्हाच त्या चढवतात. नुसते ठिपके असतील तर कित्येक मुलांना औषधही लागत नाही, लक्ष ठेवतात. हिला रक्तस्राव होता, म्हणून स्टेरॉइड सुरू झालं.

त्या शब्दानंच मी घाबरले. पण जिममधली मुलं घेतात ते स्टेरॉइड वेगळं. हे प्रतिकारशक्तीला आवर घालतं, म्हणजे पेशी मोडणं थांबतं. मुलांना शक्यतो आठवड्याभराचाच कोर्स देतात. हिचा तेवढा झाला, आकडा चढला, आणि गोळी थांबताच पुन्हा १२ हजारांवर येऊन रक्त जायला लागलं. मग गोळ्या लांबल्या.

आता जे सांगते ते कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिला रात्री दोन वाजता भूक लागायची. डबा उघडून शेव खात बसायची. मीठ कमी करा म्हणाले, तेव्हा आमच्या घरातून पापड-लोणचं उठलं. झोप उडू नये म्हणून गोळी सकाळी, पोटात काही घालूनच. चेहरा गोल झाला, कपाळावर पुरळ आलं. आजी म्हणाली, “पोरनं तोंड कितलं सुजी गयं व माय!” त्या दिवशी तिनं आरसा पालथा ठेवला. ती चिडायची, मग हुंदके देऊन रडायची. मी वयाला दोष देत रागावले. तो गोळीचा परिणाम होता, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर मी तिच्याजवळ बसून माफी मागितली.

डिसेंबरात स्नेहसंमेलन होतं. फोटो चांगला यावा म्हणून तिनं मला न सांगता गोळ्या बंद केल्या. चौथ्या दिवशी उलट्या, चक्कर, अंगात त्राणच नाही. गोळीच्या पाकिटातल्या गोळ्या मोजल्या तेव्हा कळलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवतात. अनेक आठवडे बाहेरून मिळालं की त्या मंदावतात. गोळी एकदम तोडली तर शरीर उघडं पडतं. म्हणून डोस पायरी-पायरीनं, डॉक्टरांच्या सांगण्यानंच उतरवायचा. चेहऱ्याची सूज गोळी गेल्यावर ओसरते. हे आम्ही तिला आधीच, तिच्याशीच बोलून सांगायला हवं होतं. गोळी तिच्या तोंडात जाते. बोलणं मात्र आम्ही मोठ्यांनी आपसात केलं.

शाळेला चिठ्ठी दिली: वर्ग चालेल, कबड्डी नको. डोकं दुखलं तर अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालेल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्नायूत इंजेक्शन नको. आणि डोक्याला मार, सहन न होणारी डोकेदुखी, न थांबणारा घोळणा (नाकातून रक्त), काळी शी यांतलं काहीही दिसलं तर त्याच घटकेला दवाखाना.

बहुतेक लहान मुलांचा हा आजार काही महिन्यांत आपोआप जातो. किशोरवयात तो रेंगाळण्याची शक्यता जास्त. हिला १२ महिने उलटले, म्हणजे आता दीर्घकालीन म्हणतात. गोळ्या नाहीत, पेशी ६०-७० हजारांच्या आसपास, आणि कुठून रक्त जात नाही. डॉक्टर म्हणतात, आकड्याला नाही, रक्तस्रावाला औषध द्यायचं. पुढे लागलंच तर दुसरी औषधंही आहेत.

सोमवारी तपासणी आहे. पूर्वी गाडीत बसल्यापासून ती विचारायची, “मम्मी, किती असतील?” मागच्या खेपेला धरणगाव येईपर्यंत ती झोपली होती. उठल्यावर म्हणाली, येताना भरिताची वांगी घेऊ या.

नमस्कार.