वास्तूची वाट

आजच्या व्याख्यानाचा जाहीर विषय जपानी वास्तुकार केन्झो तांगे यांच्या, जपानमधील इमाबारी या शहरातील इमारती हा आहे. परंतु इमाबारीला कसे पोहोचावे, हे सांगितल्याशिवाय त्या इमारतींविषयी बोलणे मला अपुरे वाटते. मराठीत ‘वाट पाहणे’ म्हणजे थांबून राहणे. मला मात्र हे शब्द अक्षरशः अभिप्रेत आहेत. वास्तू पाहण्याआधी तिची वाट पाहावी आणि ती सायकलवरून पाहावी, हे माझे मत जपानमधील वास्तव्यात पक्के झाले.

ओनोमिची या शहरापासून इमाबारीपर्यंतचा शिमानामी काइदो मार्ग सुमारे ७० किलोमीटरांचा असून तो सहा बेटांवरून, एकामागून एक पूल ओलांडत जातो. रस्त्याच्या कडेला निळी रेघ आखलेली आहे. ती धरून निघाले की नकाशा उघडावा लागत नाही. या मार्गावर मी प्रथम एका पर्यटन कंपनीच्या बसने गेलो होतो. त्यांपैकी तातारा या पुलापाशी आम्हांला दहा मिनिटे मिळाली, त्यांतील निम्मी सामूहिक छायाचित्रात गेली आणि पूल कसा उभा आहे हे न कळताच मी परतलो. त्याची हळहळ मला आजही वाटते, कारण पुढच्या वर्षी सायकलवरून गेलो तेव्हा तोच पूल अर्धा तास आधीपासून माझ्याशी बोलू लागला होता.

पुलाचा रस्ता समुद्रापासून बराच उंच असल्यामुळे सायकलस्वारांसाठी चढणीची वेगळी वाट बांधली आहे आणि तिचा चढ शंभर मीटरला सुमारे तीन मीटर इतकाच ठेवला आहे. दम लागत नाही, पण वेग आपोआप मंदावतो. लिंबूवर्गीय झाडांच्या बागांमधून वळणे घेत जाताना २२६ मीटर उंचीचा मनोरा कधी डावीकडे, कधी उजवीकडे दिसतो, मध्येच झाडीआड जातो. पंढरीच्या वाटेवर कळस दिसावा, लपावा आणि पुन्हा दिसावा, तसे. खाली पाय फाकवून उभा राहिलेला आणि वर एकवटलेला तो मनोरा जवळ येतो, तेव्हा तारांची पंख्यासारखी घडी प्रत्येक पॅडलगणिक उलगडत जाते. येथे आधी झुलता पूल योजला होता. त्याच्या तारा रोवण्यासाठी किनाऱ्यावरची टेकडी मोठ्या प्रमाणावर खोदावी लागली असती, म्हणून तो विचार सोडून मनोऱ्यांतून निघणाऱ्या तारांनी तोललेला पूल बांधण्यात आला. १९९९ मध्ये तो खुला झाला तेव्हा त्याचा ८९० मीटरांचा मुख्य गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधला भाग, या प्रकारच्या पुलांत जगात सर्वांत लांब होता. न खोदलेली ती टेकडी सायकलवरून आजही हिरवीगार दिसते.

मनोऱ्याच्या पायथ्याशी थांबून टाळी वाजवली की आवाज दोन पायांच्या मधून आपटत, थरथरत वर चढतो. जपानी लोक त्याला ओरडणारा ड्रॅगन म्हणतात. आपण आत्ता या सभागृहात टाळी वाजवून पाहा. ती एकदाच ऐकू येईल आणि मला वाटेल की व्याख्यान संपले!

वेळ संपत आल्याची संयोजकांची चिठ्ठी आलीच आहे, तेव्हा तांगे यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. त्यांच्या बालपणाचा मोठा भाग इमाबारीत गेला. हिरोशिमाच्या शांती उद्यानात खांबांवर उचललेले संग्रहालय, त्यापुढील स्मारकाची कमान आणि नदीपलीकडचा अणुबॉम्बने भग्न झालेला घुमट एका सरळ रेषेत आणणारा हा वास्तुकार वाटेचे महत्त्व पुरेपूर जाणत होता. इमाबारीचे नगरभवन आणि शेजारचे सार्वजनिक सभागृह ही दोन्ही १९५८ ची. सभागृहाच्या काँक्रीटच्या भिंती कागदाला घड्या घालाव्यात तशा दुमडलेल्या आहेत. घडीमुळेच पातळ भिंतीला बळ येते. सायकल हळू चालवत बाजूने जावे, म्हणजे एकेका घडीतली सावली रुंदावताना आणि पुन्हा मिटताना दिसते. ताताराच्या तारांमध्ये दिसलेली उघडझाप मला येथे काँक्रीटमध्ये पुन्हा भेटली आणि त्या भिंतीला मी तीन फेऱ्या मारल्या.