टेलच्या तालुक्याचा आमदार

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या रानात कालव्याचं पाणी येतं, त्यांना 'टेल' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कालव्याचं तोंड धरणापाशी असतं आणि त्याचं शेपूट जिथं संपतं ते टेल. तोंडाशी असणाऱ्याला पाणी आधी मिळतं आणि पोटभर मिळतं. टेलवाला मात्र रात्री बॅटरी घेऊन चारीवर बसतो. वर कुणी दार उचललंय का, हे बघायला चिखलातून चालत जातो. पहाटे पाणी आलं तर येतं वीतभर. सोलापूर जिल्ह्यातला सांगोला हा असा टेलचा तालुका. नीरा उजवा कालवा फलटण, माळशिरस, पंढरपूर करत इथं पोचतो तेव्हा त्यात फारसा जीव उरलेला नसतो. कृष्णेचं पाणी उपसून आणणाऱ्या टेंभू आणि म्हैसाळ योजनांची शेवटची टोकंही इकडंच. या टेलवरून एक माणूस ११ वेळा विधानसभेत गेला. गणपतराव देशमुख, म्हणजे सांगोल्याचे आबासाहेब.

निवडणूक आली की उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रातून आज आपल्याला उमेदवाराची मालमत्ता कळते, कर्ज कळतं, खटले कळतात, शिक्षण कळतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे मतदाराला ही माहिती मिळू लागली, आणि ती प्रत्येकानं वाचावी असं मला मनापासून वाटतं. पण हा माणूस कुठला प्रश्न किती वर्षं धरून बसलाय, यासाठी त्यात रकाना नाही. आबासाहेबांच्या बाबतीत आज तेवढा एकच रकाना भरायचा आहे.

मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर. शिक्षण वकिलीचं. पक्ष शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, केशवराव जेधे, शंकरराव मोरे या मंडळींनी काँग्रेसमधून वेगळं होऊन उभा केलेला लाल बावट्याचा पक्ष. महाराष्ट्र राज्य झाल्यावर विधानसभेची पहिली निवडणूक १९६२ साली झाली. त्याच निवडणुकीत ते सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले. शेवटची निवडणूक त्यांनी २०१४ साली जिंकली, तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. एवढ्या काळात राज्यातले पक्ष फुटले, जुळले, नावं बदलली. त्यांचा बावटा तोच राहिला. एसटीत आमदारांसाठी एक जागा राखीव असते, ती पाटी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. त्या जागेवर खरोखर बसलेला आमदार सांगोल्याच्या लोकांनी पाहिला.

ते दोनदा हरले. पहिल्यांदा १९७२ साली. त्याच वर्षी महाराष्ट्रात तो मोठा दुष्काळ पडला. माझी आजी त्या दुष्काळात खडीच्या कामावर होती. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख शेवटपर्यंत चिरलेलं राहिलं, हातोडी निसटून बसलेल्या घावानं. दिवसभर दगड फोडायचे, खडीचा ढीग लावायचा, मोजणीदार येऊन ब्रास मोजायचा, मग मस्टरवर अंगठा. पोरांना सुकडी मिळायची. आजी सांगायची, काम मिळणं हे कुणाच्या मर्जीवर होतं, आज आहे तर उद्या नाही.

या मर्जीचा हक्क कसा झाला, ते आपण जरा नीट समजून घेऊ. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ साली एक प्रयोग केला होता. अंगमेहनत करायला तयार असलेल्या माणसाला सरकारनं काम दिलंच पाहिजे, हा त्यामागचा विचार. दुष्काळात डाव्या पक्षांनी कामाच्या मागणीसाठी मोर्चे काढले, शेकाप त्यात होता. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा आणि तो खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी वापरायचा, अशी सोय झाली. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत निवडून आलेले आबासाहेब तेव्हा सभागृहात होते. मजुराला काम हवं, आणि त्या कामातून नालाबांध, पाझर तलाव उभे राहायला हवेत, म्हणजे पुढच्या दुष्काळात खडी फोडायची वेळ येऊ नये. त्यांची भूमिका थोडक्यात सांगायची तर ही.

आता पाणी. त्यांच्या राजकारणाचा गाभा इथं आहे.

सांगोला ज्या माणदेशात येतो, तो पर्जन्यछायेत. माण नदी वर्षातले बरेच महिने वाळूची. इथला शेतकरी खिलार जनावरं सांभाळतो आणि डाळिंब लावतो, कारण डाळिंब कमी पाण्यावर येतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. बागेला ताण देऊन पानगळ केली, बहार धरला आणि नेमक्या त्या आठवड्यात पाणी चुकलं, तर वर्षभराचा खर्च अंगावर. तेल्या आणि मर या डाळिंबाच्या रोगांनी किती बागा गेल्या, ते या भागात कुणालाही विचारा.

राज्यांमध्ये कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं खोऱ्यातलं ५६० टीएमसी, म्हणजे ५६० अब्ज घनफूट पाणी महाराष्ट्राला दिलं. ते २००० सालाच्या आत अडवायचं, वापरायचं, ही घाई होती. प्रश्न असा की त्यातलं किती पाणी नदीकाठच्या उसाला जाणार आणि किती वर, कोरड्या तालुक्यांना चढवणार? वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९३ साली आटपाडीला पाणी परिषद भरवली. सातारा, सांगली, सोलापूर या पट्ट्यातले १३ दुष्काळी तालुके एकत्र आले, आणि पुढं ही परिषद भरत राहिली. अण्णांच्या बरोबरीनं उभे राहिलेले लोकप्रतिनिधी म्हणजे आबासाहेब. मागणी होती समन्यायी पाणीवाटपाची. ज्याची जमीन धरणाजवळ त्याचं पाणी, हे त्यांना मान्य नव्हतं. नदी सगळ्या खोऱ्याची आहे, म्हणून टेलच्या माणसाचा वाटा आधी ठरवा. सिंचनात 'टेल टू हेड' म्हणजे शेवटच्या शेतापासून पाणी द्यायची पद्धत सांगितलेली आहेच. या लोकांनी तीच अख्ख्या खोऱ्याला लावा म्हटलं.

१९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं, टेंभूचं काम सुरू झालं. पाणी यायला मात्र कैक वर्षं गेली. आणि उपशाचं पाणी म्हणजे वीजबिल. बिल थकलं की पंप बंद. पुढं बिलातले ८१ टक्के सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं भरायचे, असं ठरलं, तेव्हा कुठं आवर्तनाची, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीची, काही शाश्वती आली.

विरोधी बाकावरचा आमदार तालुक्याला काय आणून देणार, असं त्यांना निवडून देणाऱ्यांनाही ऐकावं लागलं. हा प्रश्न मी झटकणार नाही. दोनदा, १९७८ आणि १९९९ साली, ते मंत्री झाले. बाकीचा बहुतेक काळ सत्तेबाहेर गेला, आणि सत्तेत असते तर पाणी लवकर आलं असतं, असं म्हणणारे लोक चुकीचेच आहेत असं मला म्हणवत नाही. तरी एक गोष्ट मला मोठी वाटते. सत्तेतल्या आमदाराला पाणी मिळालं असतं तर ते त्याच्या तालुक्याला मिळालं असतं. आबासाहेबांनी १३ तालुक्यांसाठी मागितलं. विधानसभेत प्रश्न, लक्षवेधी, अर्थसंकल्पावरचं भाषण, जिथं उभं राहायला मिळेल तिथं हा विषय. कापसाचा पट्टा नसलेल्या सांगोल्यात सहकारी सूतगिरणी उभी करून चालवून दाखवली, तीही याच चिकाटीनं.

१९९५ ला ते १९२ मतांनी पडले. पुढची चार वर्षं आमदार नसतानाही पाणी परिषद सुटली नाही, आणि १९९९ ला लोकांनी त्यांना परत पाठवलं. २०१९ ला त्यांनी निवडणूक लढवली नाही. नातू उभा राहिला आणि ७६८ मतांनी हरला. ३० जुलै २०२१ रोजी आबासाहेब गेले. २०२४ ला दुसरा नातू त्याच पक्षाकडून निवडून आला. घराण्याचा प्रश्न इथंही विचारला पाहिजे, आणि तो सांगोल्याचे मतदार विचारतील.

गेल्या उन्हाळ्यात तिकडं एका गावात गेलो होतो. आवर्तन सुटलं होतं. शेवटच्या चारीवर एका शेतकऱ्यानं कडेच्या दगडाला चुन्यानं आडवी रेघ मारून ठेवलेली. पाणी तिथवर आलं की बागेत दाबानं जातं, असा त्याचा हिशेब. मी पाहिलं तेव्हा पाणी रेघेच्या चार बोटं खाली होतं. त्यानं फोन काढला, वरच्या गावाला लावला आणि विचारलं, "दार कुणी उचललंय?"

नमस्कार.