वडगावची वही

विद्यार्थी मित्रहो, शिक्षकहो आणि पालकहो,

निबंध स्पर्धेचा परीक्षक म्हणून तुमच्या सगळ्या वह्या मी वाचल्या. विषय होता 'माझा परिसर'. बऱ्याच वह्यांत गाव 'निसर्गाच्या कुशीत वसलेलं' होतं. गावाचं नाव खोडून दुसरं घातलं तरी निबंध तसाच राहिला असता. आपल्या बेळगावातल्या वडगावच्या एका मुलीच्या वहीचं पहिलं वाक्य मात्र असं होतं : 'आमच्या मधल्या खोलीत पाय आपटला की जमीन पोकळ वाजते.' मी सरसावून बसलो.

तिथे पूर्वी हातमागाचा खड्डा होता. विणणारा पाय खाली सोडून बसायचा आणि आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे पळायचा. लहानपणी आजी शाळेतून आली की धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायला बसायची. यंत्रमाग आले तसा तो खड्डा बुजवला, वर फरशी घातली. हे सगळं त्या मुलीनं आजीला विचारून लिहिलंय. 'शेजारचे काका मागाला मग्ग म्हणतात,' असंही एक वाक्य आहे. त्यातल्या 'मग्ग' या शब्दावर कुणीतरी लाल शाईची रेघ मारली आहे. ती रेघ पाहून मला फार वाईट वाटलं. मराठी आणि कानडी घरांची भिंतीला भिंत लागलेली, धंदा एक, सूतही एकच. मग तो शब्द या निबंधात परका कसा?

पुढची गोष्ट तर माझ्याही ध्यानात कधी आली नव्हती. आजीची सासू शहापूरची. बाजाराला निघाली की ती म्हणायची, 'बेळगावला जाऊन येते.' आता शहापूर तर बेळगाव शहरातच, अंतर ते किती? मुलीला हे कोडं पडलं आणि ती वाचनालयात गेली. तिथं तिला कळलं की शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. १९४८ साली संस्थान विलीन झालं. म्हणजे आपण सीमाभागातली माणसं १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनची सीमा रोज बोलतो. पण त्याआधीची एक सीमा याच शहरातून जात होती, आणि ती त्या म्हातारीच्या बोलण्यात तशीच राहून गेली होती.

आपण बसलोय त्या या साहित्य दालनात काचेमागे काय काय आहे, ते तुम्ही पाहिलंच आहे. बाबा पदमनजी १८३१ साली याच बेळगावात जन्मले. त्यांचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ते मानतो. कवयित्री इंदिरा संतांचं आयुष्य इथं गेलं. १९४६ चं मराठी साहित्य संमेलन ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली इथंच भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी तिथून जोर धरून पुढे गेली. शाळेची सहल येते, मुलं रांगेनं फिरतात, सनावळी उतरवून घेतात आणि बसमध्ये बसतात. त्यांच्या हातून इथं काही जमा होत नाही.

म्हणून संयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या वर्षी अक्षर आणि अलंकार यांचे गुण कमी करा. कुणाला विचारलं, कुठल्या गल्लीत, किती वेळा जाऊन विचारलं, याला गुण द्या. ऐकलेला शब्द जसाच्या तसा लिहू द्या, मग तो कानडी असो, कोकणी असो की उर्दू. आसपासच्या कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांत दरवर्षी साहित्य संमेलनं भरतात. त्या मांडवात शाळेतल्या एका मुलाला अशी वही वाचायला दहा मिनिटं मिळाली पाहिजेत.

ही वडगावची वही आजपासून या कपाटात राहील, संयोजकांनी ते मान्य केलंय. फक्त चार पानं कोरी आहेत. आजीला साडीच्या काठांची जुनी नावं अजून आठवताहेत, असं ती मुलगी मघाशी मला म्हणाली. तेव्हा बाळ, बक्षीस घे, पण वही आज देऊ नकोस. ती पानं भरून झाली की घेऊन ये.