लॉकरमधली पत्रं

श्रोतेहो, नमस्कार.

प्रत्येक घरात एक पिशवी असते. बहुतेक वेळा साडीच्या दुकानातली, जाड प्लास्टिकची. कपाटात कपड्यांच्या घडीखाली ती ठेवलेली असते आणि तिच्यात मिक्सरचं वॉरंटी कार्ड, फ्रिजचं बिल, गॅसचं पुस्तक असा सगळा ऐवज असतो. आमच्या घरी ही पिशवी नानांच्या, म्हणजे वडिलांच्या ताब्यात असे. तिच्यात आणखी एक गोष्ट होती. कार्बन पेपर लावून काढलेल्या पत्रांच्या प्रती.

नानांनी स्कूटर घेतली होती. नंबर लावून, काही वर्षं वाट बघून. पहिल्याच पावसाळ्यात ती चढावर बंद पडायला लागली. कंपनीचं नाव मी घेत नाही, नानांनीही चारचौघांत कधी घेतलं नाही. ते फक्त पत्र लिहीत. तारीख, इंजिन नंबर, किती किलोमीटर झाले, कुठल्या चढावर बंद पडली, सगळं नीट. अशी अकरा पत्रं गेली. उत्तर एकाचंही आलं नाही. आई म्हणायची, "अहो, पोचतात तरी का?" नाना म्हणायचे, "पोचतात. कुणीतरी वाचतंच."

पत्र पोस्टात पडल्यावर कंपनीत त्याचं काय होतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. जपानमधल्या एका मोटार कंपनीच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर साऱ्या जगाला मिळालं. आज तीच गोष्ट सांगायची आहे. कंपनीचं नाव मित्सुबिशी.

नावापासून सुरुवात करू. 'मित्सु' म्हणजे तीन आणि 'हिशी' म्हणजे शिंगाडा. हो, आपला उपासाचा शिंगाडा. त्याच्या आकारावरून जपानी भाषेत चौकटीच्या, म्हणजे पत्त्यातल्या चौकटच्या आकारालाही हिशी म्हणतात. दोन शब्द जोडले की 'ह'चा 'ब' होतो आणि मित्सुबिशी होतं. म्हणून त्यांच्या गाड्यांवर ते तीन लाल हिरे. शिंगाड्याच्या पिठाची लापशी हल्ली कुणी मनापासून करत नाही, साबुदाण्यानं सगळा उपास गिळून टाकला आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं. असो.

यातारो इवासाकी नावाच्या माणसानं १८७० मध्ये जहाजांचा धंदा सुरू केला, तिथून हे घराणं वाढलं. खाणी, गोद्या, बँक, सगळं. १९१७ मध्ये त्यांच्या कोबेच्या गोदीत मोटार बनवायला घेतली. मॉडेल ए. इटलीच्या फियाटच्या धर्तीवर, हातानं बनवलेली. जपानमध्ये एकाच नमुन्याच्या मोटारी ओळीनं बनवण्याचा तो पहिला प्रयत्न मानतात. चार वर्षांत बनल्या २२. पुन्हा सांगतो, फक्त २२. अमेरिकी गाड्यांपुढे ती फार महाग पडली आणि काम थांबलं. मग महायुद्ध, मग तीनचाकी टेम्पो, मग छोट्या मोटारी, आणि १९७० मध्ये मित्सुबिशी मोटर्स ही वेगळी कंपनी झाली. १९८२ मध्ये पजेरो आली.

आपल्याकडे ही कंपनी तीन वाटांनी आली. इंदूरजवळ पिथमपूरला आयशर कंपनीबरोबर कँटर ट्रक बनू लागला, आणि आज आपण त्या आकाराच्या कुठल्याही मालवाहू ट्रकला कँटर म्हणतो. १९९८ मध्ये हिंदुस्थान मोटर्सनं, म्हणजे अॅम्बेसेडरवाल्यांनी, चेन्नईजवळच्या तिरुवळ्ळूरला लान्सर काढली. २००२ मध्ये पजेरो. लान्सर ज्यांच्याकडे होती ते अजून तिच्याबद्दल हळवं होऊन बोलतात. स्टिअरिंग, गिअर, रस्त्यावरची पकड. पण पुढे सर्व्हिस सेंटर कमी होत गेली, सुट्या भागांसाठी वणवण सुरू झाली, आणि चांगली धावणारी गाडी एका भागावाचून दारात उभी राहू लागली. हे दुःख मोटार असलेल्यालाच कळतं.

आता मूळ गोष्ट. साल २०००.

जपानमध्ये गाडीत दोष निघाला की काय करायचं, याचा नियम पक्का आहे. कंपनीनं सरकारच्या वाहतूक मंत्रालयाला कळवायचं, जाहीर करायचं आणि त्या नमुन्याच्या सगळ्या गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करून द्यायच्या. यालाच रिकॉल म्हणतात. म्हणून गाडीवाल्यांच्या तक्रारी कंपनीकडे आल्या की त्या नोंदवून ठेवायच्या आणि मंत्रालयाचे अधिकारी तपासणीला आले की दाखवायच्या. अधिकारी येत. कंपनी वह्या दाखवी. वह्या स्वच्छ असत. अधिकारी चहा पिऊन जात.

त्या वर्षी एका निनावी माणसानं मंत्रालयाला कळवलं की मित्सुबिशी सगळ्या तक्रारी दाखवत नाही. कोण होता तो? त्याचं नाव कधी पुढे आलं नाही. आतला माणूस होता हे उघड आहे, कारण बाहेरच्याला हे कळणं शक्यच नव्हतं. जपानमध्ये त्या काळी माणूस एका कंपनीत चिकटला की निवृत्त होईपर्यंत तिथेच. कंपनी म्हणजे दुसरं घर. त्या घरातल्या माणसानं घराविरुद्ध तोंड उघडायला काय लागलं असेल, याचा विचार करा. मी या गोष्टीतला सगळ्यात मोठा माणूस त्यालाच मानतो. अध्यक्ष नाही, मंत्री नाही, तो निनावी माणूस.

जुलै महिन्यात अधिकारी तपासणीला गेले. आणि या वेळी वह्यांपाशी थांबले नाहीत. शोधता शोधता कर्मचाऱ्यांच्या कपडे बदलायच्या खोलीत गेले. डोळ्यांसमोर आणा ती खोली. ओळीनं लोखंडी लॉकर. आपल्याकडे कुठल्याही कारखान्यात असतात तसे. कुणाचे बूट, कुणाचा शर्ट, कुणाची छत्री. आणि तिथल्या एका लॉकरमध्ये कागद. गाडीवाल्यांच्या तक्रारींचे कागद.

ब्रेकच्या तक्रारी. पेट्रोल गळतीच्या तक्रारी. क्लचच्या तक्रारी. कुणी रात्री घाटात अडकला असेल, कुणी मुलांना घेऊन जाताना घाबरला असेल, आणि मग घरी येऊन त्यानं गाडी घेतली तिथे जाऊन सांगितलं असेल. विक्रेत्यानं ते मुख्य कचेरीत पाठवलं. मुख्य कचेरीत कुणीतरी ते वाचलं. वाचलं, श्रोतेहो. नीट वाचलं, समजून घेतलं, हा दोष गंभीर आहे हे ओळखलं, आणि त्यावर इंग्रजी 'एच' अक्षराची खूण केली. एच म्हणजे गुप्त ठेवायचं. एच म्हणजे सरकारला दाखवायचं नाही.

हे कधीपासून चाललं होतं? १९७७ पासून. म्हणजे २३ वर्षं. पुन्हा सांगतो, २३ वर्षं. १९७७ मध्ये नोकरीला लागलेला तरुण कारकून २००० मध्ये साहेब झाला असेल, आणि त्याच्या साहेबानं त्याला शिकवलं तेच त्यानं पुढच्याला शिकवलं असेल. एवढ्या वर्षांत ती कामाची पद्धतच होऊन जाते. कुणाला त्यात लपवालपवी दिसेनाशी होते.

मग त्या गाड्यांचं काय करत? दुरुस्त करत, पण गुपचूप. मालक सर्व्हिसिंगला गाडी घेऊन आला की ऑइल बदलता बदलता तो दोषाचा भागही बदलून टाकायचा. मालकाला सांगायचं नाही. याला जपानी भाषेत 'यामी काइशू' म्हणतात. यामी म्हणजे अंधार. अंधारातली दुरुस्ती. जो मालक आला त्याची गाडी नीट झाली. जो आला नाही, ज्यानं परस्पर नाक्यावरच्या मेकॅनिककडे काम करून घेतलं, तो तसाच फिरत राहिला. रस्त्यावर. बायकामुलांना घेऊन.

ऑगस्टमध्ये अध्यक्ष कात्सुहिको कावासोए यांनी पत्रकारांसमोर हे कबूल केलं, माफी मागितली. लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्याच वर्षी त्यांचं अध्यक्षपद गेलं. डेमलर-क्रायस्लर ही परदेशी कंपनी तेव्हा मित्सुबिशीत भांडवल घालत होती, तिनं आपली माणसं आणून बसवली. सगळ्यांना वाटलं, लॉकर रिकामं झालं.

श्रोतेहो, लॉकर रिकामं झालं नव्हतं.

१० जानेवारी २००२. योकोहामा शहर. फूटपाथवरून एक आई आपल्या दोन लहान मुलांना घेऊन चालली होती. तिचं वय २९. रस्त्यावरून मित्सुबिशीचा एक मोठा ट्रेलर चालला होता. त्याचं पुढचं चाक निखळलं. मोटारीचं चाक नव्हे, ट्रकचं, सुमारे १४० किलो वजनाचं. ते घरंगळत आलं आणि पाठीमागून त्या तिघांवर आदळलं. मुलं वाचली. आई गेली.

चाक ज्यावर बसवलेलं असतं त्या हबला तडा जाऊन तो तुटला होता. कंपनी म्हणाली, ट्रकवाल्यानं देखभाल नीट केली नाही. म्हणजे दोष मालकाचा. पोलिसांनी त्या वाहतूक कंपनीच्या कचेरीवर छापा घातला, लोक त्यांच्याकडे बोट दाखवू लागले, कामं गेली. दोन वर्षं ते सांगत राहिले की आम्ही देखभाल करत होतो.

आणि एक गोष्ट सांगतो, जी मी दरवेळी सांगतो. त्याच जानेवारीत, त्याच आठवड्यात, आफ्रिकेच्या वाळवंटात डकार रॅली चालली होती. ती शर्यत जिंकली जपानच्या हिरोशी मासुओका यांनी, मित्सुबिशीच्या पजेरोतून. दगडधोंडे, वाळूच्या टेकड्या, हजारो किलोमीटर, आणि गाडी टिकली. त्या रॅलीत या कंपनीनं एकूण १२ वेळा विजय मिळवला. गाडी कशी टिकवायची हे त्यांच्या इंजिनिअरांना जगात कुणाहून कमी येत नव्हतं. तिकडे वाळवंटात चाक टिकलं आणि इकडे योकोहामाच्या सरळ डांबरी रस्त्यावर निखळलं. विद्या होती. कागद लॉकरमध्ये होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यामागुची प्रांतात मित्सुबिशीच्याच दुसऱ्या एका ट्रकचे ब्रेक गेले. क्लच ज्या धातूच्या आवरणात बसवलेला असतो, त्या आवरणातला दोष. चालक मेला. शेवटी २००४ च्या मार्चमध्ये ट्रकची शाखा, जी तोवर वेगळी फुसो कंपनी झाली होती, तिनं मान्य केलं की हब मुळातच सदोष होता. एक लाखाहून जास्त ट्रक परत बोलावले. अटका झाल्या. यामागुचीच्या खटल्यात कावासोए दोषी ठरले, शिक्षा स्थगित राहिली. डेमलर-क्रायस्लरनं आणखी पैसे घालायला नकार दिला आणि मित्सुबिशी घराण्यातल्या भावकीनं कंपनीला हात दिला.

२०१६ चं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न काय? "अॅव्हरेज किती देते?" जपानमध्येही तोच. त्या वर्षी २० एप्रिलला कंपनीनं कबूल केलं की छोट्या गाड्यांच्या अॅव्हरेजच्या चाचणीतले आकडे फुगवले होते. गाड्या ६ लाख २५ हजार, त्यातल्या बऱ्याच निस्सानच्या नावानं विकलेल्या. निस्साननं स्वतः मोजून बघितलं, आकडा जुळेना, म्हणून हे उघडकीला आलं. चाचणीची चुकीची पद्धत १९९१ पासून चालू होती. मालकांना प्रत्येकी एक लाख येन भरपाई द्यायचं ठरलं. आणि कबुलीनंतर जी फेरचाचणी केली, तिच्यातही सोयीचे आकडे निवडले, असं मंत्रालयाला आढळलं. फेरचाचणीतही! हे वाचलं तेव्हा मी रात्री जेवू शकलो नव्हतो. पुढे निस्साननंच ३४ टक्के भांडवल घेऊन कंपनी सावरली.

आपल्याकडे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. पण सरकारला कळणार कशावरून? तुमच्या तक्रारीवरून. लेखी तक्रारीवरून. फोनवर एक दाबा, दोन दाबा करून झालेल्या तक्रारीची प्रत तुमच्या हातात उरत नाही, हे मी कळकळीनं सांगतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच सांगत आली आहे. बिल घ्या. लेखी द्या. आणि नाक्यावरचा मेकॅनिक कितीही चांगला असला, आणि तो चांगला असतोच, तरी कंपनीनं गाडी परत बोलावली असेल तर ती कंपनीकडे न्या.

नाना गेले तेव्हा ती पिशवी माझ्याकडे आली. अकरा प्रती अजून आहेत. कार्बनची निळी अक्षरं पुसट झाली आहेत, पण चढाचं नाव वाचता येतं, किलोमीटर वाचता येतात.

पुढच्या बुधवारी याच वेळी तुमची पत्रं वाचणार आहे. गाडी, स्कूटर, ट्रॅक्टर, काहीही चालेल. पोस्टकार्डही चालेल. घेतल्याचं साल लिहा, किती चालली ते लिहा, काय बिघडलं आणि त्यावर तुम्हाला काय उत्तर मिळालं ते लिहा. आणि पाठवण्याआधी एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

नमस्कार.