बिल पास झालं, मग अडलं कुठे?

(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सव मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून)

मंडळी, नमस्कार. मागे मसालेभाताची झाकणं निघालेली मला इथून दिसतायत, तेव्हा फार ताणत नाही. आपलं मंडळ करमुक्त संस्था आहे, त्यामुळे मत कुणाला द्या हे या माइकवरून सांगता येत नाही. सांगायचंही नाही. मला एका मेलेल्या बिलाबद्दल बोलायचंय.

२ डिसेंबर २०२०. आपल्या ग्रुपवर मेसेजची रांग लागली, ‘पास झालं!’ कुणीतरी पेढ्यांचा फोटोही टाकला. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डाची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याची, देशवार मर्यादा उठवणारं बिल सिनेटने, इथल्या वरच्या सभागृहाने, मंजूर केलं होतं. खालच्या सभागृहाने, हाऊसने, तर जुलै २०१९ मध्येच ३६५ विरुद्ध ६५ मतांनी केलं होतं. दोन्ही सभागृहं झाली, आता सहीच काय ती उरली, असं मीही घरी सांगून टाकलं.

महिन्याभरात, ३ जानेवारी २०२१ ला, ते बिल संपलं. कुणी पाडलं नाही. सिनेटच्या मसुद्यात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अटी वगैरे होत्या, हाऊसच्या मसुद्यात नव्हत्या. इथे दोन्ही सभागृहांतून एकच मजकूर, शब्द न् शब्द तोच, बाहेर पडावा लागतो. तो जुळला नाही, दोन वर्षांची काँग्रेस, म्हणजे इथली संसद, संपली आणि अर्धवट राहिलेलं सगळं तिच्याबरोबर गेलं. पुन्हा नवं बिल, नवा नंबर.

आपली गफलत कुठे होते? आपण दिल्ली डोक्यात ठेवून वॉशिंग्टन बघतो. दिल्लीत लोकसभेत बहुमत तेच सरकार, आणि सरकारने मनावर घेतलं की बिल सहसा होतंच. इथे राष्ट्राध्यक्ष काँग्रेसचा सभासदच नसतो. त्याला स्वतःला बिल मांडता येत नाही. त्याच्या पक्षाचे लोक त्याला खुशाल ‘नाही’ म्हणू शकतात, आणि सरकार पडत नाही.

सिनेटने ‘एकमताने’ मंजूर केलं म्हणजे शंभर हात वर झाले असंही नव्हे. कुणी हरकत घेतली नाही, एवढंच. हेच बिल त्याआधी असं मांडलं गेलं तेव्हा एकेका सिनेटरच्या हरकतीवर अडलं होतं. मग सरळ मतदान का नाही? कारण चर्चा थांबवून मतदानापर्यंत पोचायलाच १०० पैकी ६० मतं लागतात. हे ६० संविधानात नाहीत बरं का, सिनेटने स्वतःसाठी केलेला नियम आहे.

पण सिनेटची जागावाटणी मात्र संविधानातली. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात छोटी राज्यं अडून बसली, तेव्हा तडजोड झाली: हाऊस लोकसंख्येवर, सिनेटमध्ये राज्यागणिक दोन. आज वायोमिंगची वस्ती सहा लाखांच्या आत, कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या आसपास. सिनेटर दोघांचे दोन-दोन. आता ग्रीन कार्डाकडे बघा. वर्षाच्या कार्डांपैकी कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, मग तो भारत असो की आइसलंड. मला ही दोन्ही गणितं एकाच घरातली वाटतात. बरोबरी माणसांची नाही, राज्य नि देश अशा खात्यांची. राज्यांच्या बाबतीत ती मला एक वेळ पटते, कारण राज्यांनी मिळून हा देश उभा केला. ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या माणसाच्या बाबतीत नाही पटत. आपल्यातल्याच एका घरात पुण्यात जन्मलेली थोरली एकविसावं लागलं की आईबापांच्या व्हिसावरून उतरणार, आणि इथे जन्मलेला धाकटा जन्मापासून नागरिक. दोघं एकाच बसने शाळेत गेली.

आपल्यातले बरेच जण म्हणतात, ‘आम्हाला मत नाही, आम्हाला कोण विचारतो?’ मत नाही हे खरं. पण हाऊसच्या जागा जनगणनेवर वाटल्या जातात, आणि संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीत मोजायची आहेत ती माणसं, नुसते मतदार नव्हेत. एच-वन-बीवाला त्यात आला, त्याची एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावरची बायको आली, पाळण्यातलं पोरही आलं. एकेका प्रतिनिधीमागे साधारण साडेसात लाख माणसं धरतात, त्यांत तुम्हीही आहात.

मी पहिल्यांदा आमच्या प्रतिनिधीच्या ऑफिसात फोन केला तेव्हा माझं ग्रीन कार्डही झालं नव्हतं. घरात सगळे झोपल्यावर कागदावर चार वाक्यं लिहून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचली. आवाज कापत होता. नागरिक आहात का विचारलं तर काय सांगायचं, याचीही तयारी केली होती. पलीकडे कुणी तरुण पोरगा असावा. त्याने बिलाचा नंबर लिहून घेतला, माझं नाव दोनदा विचारून चुकीचंच लिहिलं, आणि मग विचारलं, ‘तुमचा झिप कोड काय?’

बाकी काही विचारलं नाही.