सहाण ते औंढ्याचा आरसा : काच घासण्याची गोष्ट

(दृश्य : देवघरातली जुनी सहाण. तिच्यावर गोल फिरणारं चंदनाचं खोड.)

जुन्या सहाणेवरून बोट फिरवा. मधोमध खोलगट लागेल. तो खोलगट कुणी कोरलेला नाही. रोजचं थोडं पाणी आणि रोजचं घासणं, एवढ्यानंच तो पडला. खोडाचं टोक बघितलंत तर ते गोलसर झालेलं दिसेल. दोन पृष्ठभाग सगळ्या दिशांनी एकमेकांवर घासत राहिले की एक खोल होतो, दुसरा फुगतो, आणि दोघांची वक्रता एकमेकांशी जुळत जाते. कसेही सरकवा, कसेही फिरवा, तरी एकमेकांना चिकटून राहतील असे वक्र पृष्ठभाग फक्त गोलाचेच असतात. त्यामुळे काच घासणाऱ्याला गोलीय आकार जवळजवळ आपोआप मिळतो. खरं काम त्याच्या पुढचं आहे. झालेला आकार बरोबर आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

(दृश्य : चष्म्याच्या दुकानातली भिंगं, वर्तमानपत्राच्या ओळींवर धरलेली.)

जवळचं वाचता येईना की आपण म्हणतो, चाळिशी लागली. वयाचंही नाव तेच आणि चष्म्याचंही तेच. हा चष्मा इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस आला. जोर्दानो दा पिसा या धर्मोपदेशकानं १३०६ साली फ्लॉरेन्समधल्या एका प्रवचनात सांगितलं, की ही कला निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. मग चष्म्यापासून दुर्बिणीपर्यंत यायला तीनशे वर्षं का लागली? एक मोठं कारण काचेच्या आकारात आहे. चष्म्यातून बघताना डोळ्याची बाहुली एका वेळी भिंगाचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडाच वापरते. कडेला आकार बिघडलेला असला तरी वाचणाऱ्याचं काही अडत नाही. दुर्बिणीत मात्र पुढच्या भिंगाच्या सगळ्या भागातून आलेला प्रकाश एकाच बिंदूत गोळा व्हावा लागतो. कड चुकली की चित्र धुरकट.

हॉलंडमध्ये हान्स लिपरहे यानं १६०८ साली दुर्बिणीचं पेटंट मागितलं. इतरही दावेदार असल्यानं ते मिळालं नाही. पुढच्याच वर्षी गॅलिलिओनं स्वतः भिंगं घासायला घेतली. साठाहून जास्त दुर्बिणी करून पाहिल्या, त्यांतल्या मोजक्याच गुरूचे चंद्र दाखवण्याच्या लायकीच्या निघाल्या. त्याच्या दुर्बिणींत पुढच्या भिंगाची कड झाकलेली असे, उघडा राही तो मधला चांगला भाग. प्रकाश कमी झाला, पण चित्र स्वच्छ आलं. ही युक्ती शोधाइतकीच मोलाची होती.

कडेचा दोष असा झाकता आला, रंगाचा दोष झाकता येईना. एकच भिंग निळा प्रकाश जवळ गोळा करतं आणि तांबडा लांब. ग्रहाभोवती जांभळी झालर दिसते. भिंग जितकं चपटं आणि दुर्बीण जितकी लांब, तितकी झालर फिकी. म्हणून हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञानं सुमारे ४५ मीटर लांबीची दुर्बीण दोरखंडांवर टांगली. न्यूटननं १६६८ मध्ये भिंगाऐवजी धातूचा आरसा घेतला. आरशात रंग फुटतच नाहीत. पण तांबं-कथलाचा तो आरसा काळवंडायचा, आणि पुन्हा झिलई देताना घडवलेला आकार बिघडायचा.

इंग्लंडच्या डॉलंडनं १७५८ साली क्राउन, म्हणजे शिसं नसलेल्या काचेचं फुगीर आणि फ्लिंट काचेचं अंतर्वक्र भिंग जोडून रंगदोष आटोक्यात आणला. अडचण मग काचेपाशी आली. फ्लिंट काचेत शिसं असतं. ते जड, भट्टीत खाली बसतं, आणि काचेत पाकाच्या तारेसारख्या रेषा राहतात. स्वित्झर्लंडच्या पिएर लुई गिनाँनं वितळलेली काच भट्टीच्या मातीच्या दांडक्यानं ढवळायला सुरुवात केली. ऐकायला इतकं साधं, पण त्याच्या अशा काचेशिवाय जर्मन भिंगकार फ्राउनहोफरनं केलेली डोर्पाटच्या (आताच्या एस्टोनियातलं तार्तू) वेधशाळेची २४ सेंटिमीटरची दुर्बीण १८२४ मध्ये उभी राहिली नसती.

(दृश्य : अंधारी खोली. आरशावर पडलेली करडी सावली.)

आकार बरोबर आहे की नाही, या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर १८५८ च्या सुमारास आलं : लिऑन फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाची चाचणी. प्रकाशाचा बारीक ठिपका आरशाच्या वक्रता-केंद्राजवळ (आरसा ज्या गोलाचा तुकडा, त्या गोलाच्या मध्याजवळ) ठेवायचा, परत येणाऱ्या किरणांना पात्याची धार आडवी घालायची आणि पात्यामागून आरशाकडे बघायचं. आरसा बिनचूक गोलीय असेल तर सगळा एकदम करडा होतो. कुठे उंचवटा असेल तर तो डोंगरावर तिरकं ऊन पडावं तसा उठून दिसतो. फुटपट्टी आणि एक ब्लेड, एवढ्या सामानात मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापर्यंतची चूक दिसते. आमच्या मते भिंग-आरशांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी पायरी हीच.

आता प्रत्यक्ष हाताचं काम. १५० मिलिमीटर व्यासाचा, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश तितक्या अंतरावर एकवटणारा आरसा घ्या. २५ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या दोन चकत्या लागतील. वरची आरसा होणार, खालची घासणी. आधी धारेच्या दगडानं दोन्हींची कड दीड-दोन मिलिमीटर मारून घ्या, नाहीतर टवके उडतात आणि तेच टवके चरे पाडतात. मधे ८० नंबरचं, म्हणजे जाड कणांचं कार्बोरंडम (काच घासायची कठीण भुकटी) आणि पाणी. वरच्या चकतीचा मध्य खालचीच्या मध्यावरून जाईल अशी, व्यासाच्या एक तृतीयांश लांबीच्या फेऱ्यांनी सरकवायची; दर काही फेऱ्यांनी चकती थोडी फिरवायची आणि आपणही टेबलाभोवती सरकायचं. हे फिरणं चुकलं की आरसा एका दिशेनं जास्त वाकतो आणि तारा ठिपक्याऐवजी रेघ दिसतो.

मधली खोली हवी १.१७ मिलिमीटर. आरशावर सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवा. १.२ मिलिमीटरचा ड्रिल बिट मधे जेमतेम शिरू लागला की थांबा. मग १२०, २२०, ४०० असं बारीक कार्बोरंडम. दर टप्प्याला आधीच्या टप्प्याचे खड्डे पूर्ण जाईपर्यंत, आणि दर टप्प्याआधी टेबल, बादली, नखं, अंगावरचे कपडेसुद्धा धुऊन. ८० चा एक कण राहिला तर सगळी मेहनत पहिल्यापासून.

शेवटी झिलई. घासणीवर पिचचा, म्हणजे काळ्या डांबरी लुकणाचा थर ओतायचा, त्यात चौकोनी खाचा पाडायच्या आणि सेरियम ऑक्साइड या झिलईच्या भुकटीच्या पाण्यानं पाच ते आठ तास काम. मराठवाड्यात काम बिघडतं ते इथेच. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीपार गेला की पिच लोण्यासारखं होतं. खाचा मिटतात, पिच कडेवरून वर चढतं आणि आरशाची कड खाली वळते. अशा वेळी पिचमध्ये राळ घालून ते कडक करावं आणि काम पहाटेच उरकावं. डिसेंबरच्या थंडीत उलटं होतं. पिच कडक पडतं आणि केसासारखे चरे येतात. तेव्हा टर्पेंटाइनचे थेंब. अंगठ्याच्या नखानं दाबलं की हळूहळू खूण उमटावी, इतपत मऊ पिच चांगलं. आणखी एक गोष्ट. आपल्या बोअरचं पाणी क्षारांचं, ते आरशावर वाळलं की पांढरे डाग राहतात. शेवटचा हात नेहमी डिस्टिल्ड वॉटरचा, बॅटरीत घालतात त्याचा.

गोलीय आरशाचा अन्वस्त (पॅराबोला), म्हणजे ताऱ्याचा प्रकाश एकाच बिंदूत आणणारा आकार करताना मध्याच्या मानानं कड फक्त ०.२९ मायक्रॉननं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बदलावी लागते. एवढ्याशा फरकासाठी कितीतरी रात्री चाचणी चालते. पत्र्याच्या खोलीत ती करू नका, तापलेल्या पत्र्याखालची हवा सावलीत नाचताना दिसते. आरशाला अंगठा दहा सेकंद टेकवून बघा. पात्यामागून तिथे टेकडी उभी दिसेल. बोटाच्या उबेनं काच फुगलेली असते. ती बसेपर्यंत थांबायचं.

(दृश्य : जुन्या वेधशाळेचा घुमट, मग औंढा नागनाथच्या परिसरातली माळरानं.)

मराठवाडा हैदराबाद संस्थानात असताना, १९०१ साली, नवाब जफर जंग यांनी हैदराबादेत निजामिया वेधशाळा सुरू केली. तिथे ग्रब कंपनीची १५ इंची भिंगाची दुर्बीण होती, आणि ८ इंची छायाचित्र-दुर्बिणीनं सात लाखांहून जास्त ताऱ्यांच्या जागा मोजल्या गेल्या.

आता काचेचं काम हिंगोली जिल्ह्यात येतं आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी लेझर प्रकाशानं टिपणारी वेधशाळा, उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर. लायगोच्या भुजांत लटकणारे मुख्य आरसे ३४ सेंटिमीटर व्यासाचे, २० सेंटिमीटर जाड, ४० किलो वजनाचे, फ्यूज्ड सिलिका या अतिशुद्ध काचेचे. प्रत्येक आरसा त्याच काचेच्या ०.४ मिलिमीटर जाडीच्या चार तंतूंवर टांगलेला. आपल्या छोट्या आरशाला मधे १.१७ मिलिमीटर खोली होती. या आरशाची वक्रता-त्रिज्या सुमारे दोन किलोमीटर, म्हणून खोली फक्त सात मायक्रॉनच्या आसपास. नुसत्या डोळ्यांना तो सपाटच वाटेल. आकारातली चूक मात्र एका नॅनोमीटरच्याही (मायक्रॉनचा हजारावा भाग) आत.

त्याच्यावरचा प्रकाश परतवणारा लेप लेझरचा दहा लाखांतला एकापेक्षाही कमी भाग शोषतो. तरीही लेपात कुठे एखादा सूक्ष्म ठिपका जास्त प्रकाश शोषणारा राहिला, तर तिथे काच तापते, फुगते आणि प्रकाश विखुरतो. अमेरिकेतल्या लायगोच्या आरशांत असे ठिपके सापडलेले आहेत. अंगठा टेकवल्यावर उठलेली टेकडी तीच, फक्त कितीतरी लहान. लेझरनं तापून आरशाची एकूण वक्रताही बदलते. ती ठिकाणावर आणायला आरशाभोवती तापवणारं कडं बसवलेलं असतं, आणि कडेकडून किती ऊब द्यायची हे आरशाकडून परतणारा प्रकाश मोजून ठरवतात.