परत फिरायची सोय

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? वरून विमान गेलं की मी थांबेन. पार्लेकरांना ते वेगळं सांगायला नको. इथल्या शाळेत आमचे गणिताचे सर असेच थांबायचे, हातातला खडू फळ्यावर टेकवून. आवाज विरला की पुढची पायरी.

पत्रिकेवर विषय जरा भारदस्त छापलाय, 'लष्करी उड्डाणाकडून नागरी उड्डाणाकडे'. मी साधंच बोलणार आहे. हवाई दलात २२ वर्षं काढली, त्यातली बहुतेक एएन-३२ विमानांवर. मग वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडलो आणि आता एअरबस ए-३२० हे प्रवासी विमान उडवतो. लोकांना वाटतं, विमान ते विमान, यात कसलं आलंय स्थित्यंतर? एसटीचा ड्रायव्हर बेस्टमध्ये गेला, तसंच. मलाही तसंच वाटलं होतं.

आधी जुहूचं एक सांगतो, कारण ते इथून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, हे सगळ्यांना पाठ असतं. अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून आणलं होतं, हेही. पण तेच टपाल जुहूहून पुढे बल्लारी आणि मद्रासला कोणी नेलं? नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. ही टपालसेवा सुरू करण्याची मूळ कल्पनाही त्यांचीच, आणि हा गृहस्थ ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला. म्हणजे त्या पहिल्या दिवशी दोन वैमानिक, त्यातला एक माजी फौजी. आमची टक्केवारी इतकी चांगली पुन्हा कधी झाली नसावी. पावसाळ्यात जुहूच्या जमिनीचा चिखल व्हायचा, म्हणून सगळा कारभार पुण्याला हलवायचे. म्हणजे मुंबईच्या पावसापुढे माघार घ्यायची रीत पहिल्यापासूनची आहे. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा पावसावर येणार आहे.

एएन-३२ हे दोन इंजिनांचं, पंख्यांचं, मालवाहू विमान. १९८४ पासून आपल्याकडे आहे. मागचं दार उतरंडीसारखं उघडतं. त्यातून आम्ही पिठाची पोती न्यायचो, रॉकेल, कोंबड्या, जवान आणि परत येताना कधी एखादी बाळंतीण. माझी बरीच वर्षं जोरहाटला गेली. तिथून अरुणाचलातल्या छोट्या धावपट्ट्यांवर जायचं, मेचुका, वालाँग वगैरे. नकाशावर त्या ठिपक्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात दरीतून जावं लागतं, दोन्ही बाजूंना डोंगर, वर ढगांचं झाकण. दरीत एक वळण असं येतं की त्याच्या पुढे गेलात तर परत फिरायला जागाच उरत नाही. विमानाला वळायला लागतं त्यापेक्षा दरी अरुंद. मग समोर धावपट्टी आहे आणि तुम्ही आहात. उतरायचंच.

आता या एका गोष्टीने माणसाचा पिंड कसा घडतो बघा. विचार करायचा तो सगळा त्या वळणाच्या आधी. एकदा पुढे गेलात की शंका काढायची नाही, कोणी काढली तर ऐकायची नाही. नॅव्हिगेटर दिशा सांगतोय, फ्लाइट इंजिनिअर काट्यांवर डोळा ठेवून आहे, पण कॅप्टनने ठरवलं की ठरलं. तिथे ते बरोबरच होतं. ३ जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला निघालेलं एएन-३२ डोंगरात गेलं, १३ जण गेले. मी तेव्हा कंपनीच्या गणवेशात विमानतळावर बसलो होतो. त्या दिवशीची दोन्ही उड्डाणं मी केली. त्याबद्दल याहून जास्त आज नाही बोलणार.

कागदपत्रांचा भाग पटकन उरकतो, कारण इथे बसलेले काही पालक त्यासाठीच आलेत. हवाई दलातून मुदतीआधी बाहेर पडायला परवानगी लागते, आणि ती मागितल्या मागितल्या मिळत नाही. बाहेर आल्यावर तुमचा लष्करी अनुभव कितीही असला तरी लायसन्स डीजीसीएचं, म्हणजे नागरी उड्डाणावर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचं. व्यावसायिक लायसन्सला २०० तास लागतात, त्याच्या वरच्या एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसन्सला, १५००. माझ्याकडे पाच हजारांवर होते. तरी हवाई नियमांच्या पेपरला मी एकोणीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसलो आणि पहिल्या वेळी नापास झालो. पास व्हायला ७० टक्के लागतात, मला ६८. शेजारच्या मुलाला ८४. त्याने मला कँटीनमध्ये चहा पाजला आणि म्हणाला, "अंकल, प्रश्नसंच सोडवा."

हेलिकॉप्टरवाल्यांचं आणखी कठीण. त्यांचं लायसन्सच वेगळं. विमान कंपनीत यायचं तर पंखांच्या विमानावर बऱ्याच गोष्टी पहिल्यापासून कराव्या लागतात. म्हणून बरेच जण त्या फंदात पडत नाहीत. जुहूवरून रोज सकाळी बॉम्बे हायच्या तेलविहिरींकडे जी हेलिकॉप्टरं जातात, समुद्रात दीडशेच्या वर किलोमीटर, त्यात तुम्हाला आमचे किती तरी जुने सोबती भेटतील. खाली डेकवर उतरायची जागा केवढी ते एकदा बघा, मग माझं कौतुक कमी कराल.

असो. पेन्शनचा काही भाग विकून मी ए-३२० चं टाइप रेटिंग केलं, म्हणजे त्या एका जातीचं विमान उडवायचं प्रशिक्षण. बायको म्हणाली, "अहो, लोक या वयात फ्लॅट घेतात." हवाई दलाच्या बंगल्यातून आम्ही अंधेरीच्या वन बीएचके मध्ये आलो. आणि मी पुन्हा उजव्या, सहवैमानिकाच्या सीटवर. डाव्या सीटवर एकतीस वर्षांचा कॅप्टन. तो मला 'सर' म्हणायचा आणि मी त्याला 'सर'. दिल्लीपर्यंत दोन तास आमचं हे सर-सर चालायचं. शेवटी त्यानेच तोडगा काढला. "जमिनीवर तुम्ही सर, हवेत मी." बरोबर होतं त्याचं.

खरा धक्का बसला तो एका दांड्याचा. एएन-३२ ला दोन्ही वैमानिकांपुढे कंट्रोल कॉलम, म्हणजे विमान हाताळायचा दांडा, असतो, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले. डावीकडच्याने ओढला की उजवीकडचा आपोआप पोटात येतो. समोरचा घाबरलाय की निवांत आहे, हे तुमच्या तळहाताला कळतं. बोलावं लागत नाही. ए-३२० मध्ये कॉलमच नाही. बाजूला एक छोटी साइडस्टिक, आणि दोघांच्या साइडस्टिक जोडलेल्या नाहीत. तो काय करतोय, माझ्या हाताला काही म्हणजे काही कळत नाही. इंजिनाची ताकद विमान आपली आपण सांभाळत असतं (ऑटोथ्रस्ट) तेव्हा लिव्हरही जागच्या हलत नाहीत, ताकद कमीजास्त होत राहते आणि लिव्हर आपल्या तिथेच. पहिले काही महिने मला बहिऱ्यासारखं वाटायचं.

मग लक्षात आलं की त्या विमानात माणसं इतकी का बोलतात. एक उडवणारा, दुसरा लक्ष ठेवणारा, आणि लक्ष ठेवणाऱ्याने तोंडाने सांगायचं. वेग वाढला, 'स्पीड'. खाली यायची गती वाढली, 'सिंक रेट'. समोर लखलखीत आकड्यांत दिसतंय, तरी म्हणायचं. मला ते आधी पोरखेळ वाटायचं. हाताने जे कळायचं ते आता तोंडाने कळवायचं होतं, एवढाच त्याचा अर्थ. पण एवढ्याशा गोष्टीला मला दीड वर्ष लागलं.

आता पाऊस. चारपाच वर्षांपूर्वीचा जुलै, रात्री साडेअकरा. तोवर मी डाव्या सीटवर आलो होतो. उजवीकडे सव्वीस वर्षांची मुलगी. आपल्या देशात साधारण सात वैमानिकांत एक बाई असते, जगात एवढं प्रमाण फार कमी ठिकाणी सापडेल. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात वारा समुद्राकडून, त्यामुळे उतरायचं ते घाटकोपरच्या बाजूने. त्या रात्री वर पाठीमागचा वारा होता, आम्हाला खाली यायला सांगितलं तेही उशिरा, आणि विमानाचा वेग काही कमी होईना. नियम असा आहे की ढगापावसात एक हजार फुटांना सगळं जागेवर हवं. चाकं खाली, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा) उतरायच्या स्थितीत, इंजिनाची ताकद स्थिर, वेग ठरलेल्या आकड्याच्या जवळ. एक जरी बाजूला असेल तरी उतरायचं नाही. सोडून द्यायचं आणि परत वर जायचं. गो-अराउंड.

हजार फुटांना वेग अठरा नॉट जास्त होता. ती म्हणाली, "अनस्टेबल. गो अराउंड."

समोर धावपट्टीचे दिवे दिसत होते. वायपर फटाफट चालला होता. आणि माझ्या डोक्यात सरळ मराठीत वाक्य आलं, 'जमेल की.' पाचशे फुटांपर्यंत वेग येईल जागेवर. खरं सांगतो, आलाही असता. तेवढं विमान मला कळतं. मी अर्धा सेकंद काहीच केलं नाही. मेचुकाच्या दरीतला माणूस तो अर्धा सेकंद माझ्या सीटवर बसला होता.

मग लिव्हर पूर्ण पुढे ढकलल्या. "गो अराउंड, फ्लॅप्स." ती म्हणाली, "पॉझिटिव्ह क्लाइंब." "गिअर अप." आणि तुमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून आम्ही वर गेलो. वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा आलो आणि नीट उतरलो. एक प्रवासी दारात म्हणाला, "क्या कॅप्टन, भूल गये थे क्या?" कंपनीने काही विचारलं नाही, विचारायचं नाही असाच नियम आहे. चार ओळींचा रिपोर्ट लिहिला, विषय संपला. सकाळी आईचा फोन. आई इथेच हनुमान रोडला राहते. "काल रात्री एक विमान केवढ्यांदा गेलं रे, भांडी हलली." म्हटलं, आई, तो मीच.

कोझिकोडच्या विमान अपघाताचं बोलल्याशिवाय हे पुरं होणार नाही. ७ ऑगस्ट २०२०. पाऊस, टेकडीवरची धावपट्टी. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. कॅप्टन हवाई दलातले होते, माझ्यापेक्षा कितीतरी वरच्या दर्जाचे वैमानिक, आणि तुमच्यातले काही जण त्यांना ओळखतही असतील. म्हणून जपून बोलतो. पहिल्या प्रयत्नाला त्यांनी गो-अराउंड केला होता. दुसऱ्यांदा विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकलं. चौकशी अहवाल २०२१ मध्ये आला. त्यात लिहिलंय की शेजारच्या सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हटलं होतं, तरी विमान उतरवलं गेलं. आणि त्याच वाक्यात पुढे हेही लिहिलंय की त्या शेजारच्याने मग कंट्रोल स्वतःच्या हातात घेतले नाहीत. लोक पहिला अर्धा भाग सांगतात, दुसरा सांगत नाहीत.

तेव्हा बरेच जण म्हणाले, फौजी आहेत, माघार रक्तात नसते. मला हे पटत नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने जगभरच्या उड्डाणांचा अभ्यास केला. असे बिघडलेले अप्रोच, म्हणजे उतरायला खाली येतानाचे प्रयत्न, शंभर घेतले तर त्यातले फक्त तीन सोडून दिले जातात. बाकीचे सत्त्याण्णव वैमानिक उतरतात, आणि ते सगळे काही जोरहाटहून आलेले नसतात. 'जमेल की' हे वाक्य सगळ्यांनाच येतं. फरक असलाच तर एवढा, की आम्हाला ते वाक्य वीस वर्षं कामाला आलेलं असतं. अनेकदा ते खरं ठरलेलं असतं, त्याबद्दल पाठ थोपटून घेतलेली असते. त्यामुळे ते आमच्या तोंडात पटकन येतं.

बिनसलं की परत वर जायचं, याला अपवाद लेहचा. तिथे आजही डोंगरांमुळे परत फिरायची सोय तोकडी आहे, म्हणून तिथे जाणाऱ्यांना कंपन्या वेगळं शिकवतात. तिथे माझे जुने सोबती खुलतात. त्यांना घरी गेल्यासारखं वाटतं.

चिठ्ठ्या आल्यात. पहिली, पगार किती. पालकांची असणार. हवाई दलापेक्षा बराच जास्त, पण कँटीन, क्वार्टर आणि पोस्टिंगच्या गावातली भाजीवाली यांचा हिशोब त्यात धरू नका. दुसरी, दारूबद्दल. उड्डाणाआधी बारा तास थेंबही नाही, आणि रोज फुंकून दाखवावं लागतं. माउथवॉश आणि दारू यांतला फरक मशीनला कळत नाही, तेव्हा तेही नाही. मी पहाटे तीनला मिठाच्या गुळण्या करतो.

तिसरी एका मुलाची आहे, आठवी 'ब'. 'परत वर गेल्यावर भीती वाटते का?' चांगला प्रश्न आहे. नाही रे, भीतीला वेळच नसतो. पहिली नजर इंधनाच्या आकड्यावर जाते. त्या रात्री अहमदाबादला जाऊन वर अर्धा तास उरेल आणि मुंबईत आणखी एक प्रयत्न करता येईल, इतकं होतं. आकडा मी तिला मोठ्याने वाचून दाखवला, तिने तो मला परत वाचून दाखवला. मग तिने विचारलं, "सर, पॅसेंजर्सना तुम्ही सांगता की मी सांगू?" मी म्हटलं, तूच सांग. तुझ्या आवाजाला ते कमी घाबरतील.